रिकाम्या फाइली आणि देवरावजींचं घड्याळ

मला रिकाम्या फाइलची भीती वाटते. पाल अंगावर पडली तरी मी ओरडत नाही, विजा कडाडल्या तरी खिडकीशी उभी राहून बघते. पण कॉम्प्युटरवर एखादी फाइल उघडली आणि आत एकही अक्षर नसलं की माझे हात गार पडतात. भाच्या यावर हसतात. "मावशी, रिकामी आहे म्हणजे काहीच बिघडलं नाही ना," असं धाकटी एकदा म्हणाली.  नेमका हाच विचार करून मी एकदा एका भल्या माणसाला घरी बसवलं होतं.

संपादकांनी मला "कॉम्प्युटरच्या नोकरीतल्या गमतीजमती" लिहायला सांगितलं आहे. वीसेक वर्षं मी हे काम केलं, तेव्हा गमती नाहीत असं कसं म्हणू? पण खरं सांगायचं तर त्या वीस वर्षांतली बरीचशी मी धास्तीत काढली. स्वभावच तसा आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी बसस्टँडवरून परत घरी गेलेली आहे, आणि एकदा नाही. अशा बाईला चुका शोधायच्या कामावर ठेवणं हे एका अर्थी योग्यच होतं.

काम काय होतं ते आधी सांगते. देवळीत लग्नाकार्यात बायका विचारायच्या, "कॉम्प्युटरमधी तू करते काय नेमकं?" मी सांगायची, "चाखून पाहते." त्यांना वाटायचं, ही टाळते आहे. पण ते खरंच होतं. यंत्राच्या आतल्या चिपला फक्त आकडे कळतात. माणूस प्रोग्राम लिहितो तो इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत. त्या अक्षरांचे चिपला कळतील असे आकडे करून देणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. कंपायलरबरोबर एक लायब्ररी येते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे; नेहमी लागणाऱ्या कामांचा तयार साठा. वर्गमूळ काढणे, नावं अकारविल्हे लावणे, अक्षरांत लिहिलेल्या "१२.५" चा खरा आकडा करणे. ही कामं कुणी पुन्हा पुन्हा लिहीत बसत नाही. आपण विकतचं मीठ भाजीत टाकतो, आधी चाखून बघत नाही, तसं ते असतं. लायब्ररी चुकली तर तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम चुकतात आणि संशय मात्र तिच्यावर कुणाचाच जात नाही. ते मीठ चाखायचं काम आमचं.

आमचं ऑफिस वर्ध्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकलच्या दुकानाच्या वर. इंगोले सर आधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. ते सोडून त्यांनी हे सुरू केलं. पुण्याची एक कंपनी लहान यंत्रांसाठी कंपायलर बनवायची आणि त्यांच्या लायब्ररीची तपासणी आमच्याकडे असायची. ऑफिसात आम्ही चारच माणसं. मी रोज देवळीहून बसने यायची. बाबांचं तिथे कापडाचं दुकान होतं आणि मी गल्ल्यावर बसावं असं त्यांच्या मनात होतं, तो विषय मी टाळत टाळत तिशी ओलांडली होती.

तपासणीसाठी चार हजारांच्या आसपास छोटे छोटे प्रोग्राम होते. आम्ही त्यांना टेस्ट म्हणायचो. प्रत्येक टेस्ट लायब्ररीला काही प्रश्न विचारते. उत्तरं तिला आधीच ठाऊक असतात. उत्तर चुकलं की टेस्ट एका फाइलमध्ये तक्रार लिहिते, आणि सगळं बरोबर असलं तर काहीच लिहीत नाही. गप्प म्हणजे पास, हा नियम पुण्याहून आलेला. हजारो टेस्टमध्ये प्रत्येकीने "मी बरी आहे" म्हणत बसलं तर वाचायचं कुणी, असा त्यामागचा विचार. मलाही तो शहाणपणाचा वाटला होता.

सुरुवातीची एक गंमत सांगते, म्हणजे संपादकांचा शब्द राहील. वेळेचं गणित करणारी एक टेस्ट पुण्यात पास व्हायची आणि आमच्याकडे नापास. यंत्र तेच, कंपायलर तोच. सहा दिवस मी धड जेवले नाही. शेवटी कळलं की ती टेस्ट लिहिणारा परदेशातला होता, आणि जगातली सगळी घड्याळं एकमेकांपासून पूर्ण तासांनीच पुढेमागे असतात अशी त्याची समजूत होती. आपलं घड्याळ इंग्लंडच्या साडेपाच तास पुढे. तो अर्धा तास त्याच्या हिशेबात बसेना. पुण्याच्या मशीनवर घड्याळ इंग्लंडचं लावून ठेवलेलं होतं म्हणून त्यांना कधी त्रास झाला नव्हता. सरांनी पेढे आणले. पुण्याचे राजवाडे, म्हणजे ज्यांना आम्ही अहवाल पाठवायचो ते, फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमची नजर बारीक आहे." हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवलं. त्याचाही त्रास झालाच मला नंतर.

टेस्टच्या दोन मशीन मागच्या खोलीत होत्या आणि त्या खोलीचे राजे देवरावजी. वय तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर. आधी ते बाजार समितीत काट्यावर बसून वजनं लिहायचे. अक्षर असं की छापल्यासारखं. राहायला सिंदी रेल्वेला. सकाळच्या पॅसेंजरने यायचे, संध्याकाळच्या पॅसेंजरने जायचे, आणि इतक्या वर्षांत एकदाही गाडी चुकली नव्हती. कॉम्प्युटरचं शिक्षण काही नव्हतं. सकाळी मशीन लावणे, टेस्ट सुरू करणे, काही अडलं तर मला हाक मारणे, हे काम. आणि एक काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. लाईन, म्हणजे वीज, गेली की एका लांबट रजिस्टरमध्ये मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ लिहायची, आली की पुन्हा लिहायची. "मॅडम, लाईन गेली, लिहून ठेवलं," असं दारातून सांगून जायचे. त्यांना सांगायचं कुणी नव्हतं. काट्यावरची सवय.

आणि लाईन जायची. ती वर्षं भारनियमनाची होती. वेळापत्रक पेपरात यायचं आणि वेळापत्रकाशिवायही लाईन जायची ती वेगळीच. इन्व्हर्टरवर दोन ट्यूबलाइट, एक पंखा आणि सरांचं मशीन एवढंच चालायचं. टेस्टची मशीनं थेट लाईनवर. चार हजार टेस्टना नऊ-दहा तास लागत. मध्येच लाईन गेली की सगळं पहिल्यापासून. आठ-आठ दिवस एक फेरी पुरी होत नसे आणि पुण्याहून रोज विचारणा.

त्यावर उपाय मी काढला. एक छोटा प्रोग्राम लिहिला. मशीन पुन्हा सुरू झालं की तो बघायचा, कुठल्या टेस्टची निकालाची फाइल तयार आहे. असेल ती टेस्ट झालेली, सोडून द्यायची. नसेल तिथून पुढे चालू. लाईन चार वेळा जावो, आमचं काम तुटलेल्या जागेपासून पुढे सरकत राहायचं. पुण्याच्या लोकांना हे सुचण्याचं कारणच नव्हतं, त्यांच्याकडे जनरेटर होता. इंगोले सरांनी तो प्रोग्राम त्यांनाही कौतुकाने पाठवला. मला ऑफिसची जबाबदारी दिली. बाबा दुकानात गिऱ्हाइकांना सांगू लागले की पोरगी वर्ध्याचं ऑफिस सांभाळते. गल्ल्याचा विषय बंद झाला. त्या प्रोग्रामने मला देवळीत मान मिळवून दिला, असंच म्हणायचं.

आठ महिने झाले. मग एका गुरुवारी राजवाड्यांचा फोन आला.

रोग्याला सुईतून अगदी सावकाश, ठरलेल्या वेगाने औषध देणारं एक यंत्र असतं. ते बनवणारी एक कंपनी आमच्या पुण्याच्या लोकांकडून कंपायलर घेत होती, आणि नवी आवृत्ती पुढच्या आठवड्यात तिला जायची होती. दशांश आकडे नीट वाचले जातात का हे बघणारी एक टेस्ट होती. लाखो आकडे घालून बघायची म्हणून तिला चाळीस मिनिटं लागत.

"ही टेस्ट आम्ही सहज एकदा इथे चालवली," राजवाडे म्हणाले. "पस्तिसाव्या मिनिटाला चूक छापते. तुमच्या अहवालात ती तीन वेळा पास आहे."

मी टेबलावरचा अहवाल जवळ ओढला.

"मॅडम, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडे त्या टेस्ट चालवतात ना?"

आवाज अगदी सभ्य होता. सोमवारी मी स्वतः येतो, तोवर कारण शोधून ठेवा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.  सरांना सांगितलं तर ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "हे काम गेलं त ऑफिस बंद, वंदना. दुसरं काम आपल्यापाशी आहेच कुठं?"

त्या संध्याकाळी सरांनी स्वतः तपास केला. कॉम्प्युटरही स्वतःची एक नोंद ठेवत असतो. आमच्या मशीनवर दर मिनिटाला "चालू आहे" अशी एक ओळ पडायची. मशीन बंद झालं की ओळी थांबायच्या. सरांनी त्या ओळी आणि देवरावजींचं रजिस्टर शेजारी ठेवलं. मशीनच्या ओळी थांबल्या अकरा वीसला. रजिस्टरमध्ये लिहिलेलं, "११.३१ लाईन गेली." दुसऱ्या दिवशी मशीन थांबलं दोन पाचला, रजिस्टरमध्ये लाईन गेली दोन सोळाला. जिथे बघावं तिथे मशीन आधी बंद, लाईन नंतर गेलेली.

"म्हणजे हा माणूस हातानं मशीन बंद करते," सर म्हणाले. "अन् मंग लाईन गेली म्हणून लिहून ठेवते. टेस्टचा घोळ त्याच्यातूनच झाला."

"कशासाठी करतील?"

"चालू मशीन सोडून खाली जायचं नाही, हा नियम माझाच आहे ना? मशीन बंद केलं का खाली जाता येते. पान खायले, चहाले, कोण जाणे."

मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. कारण सापडलं होतं आणि ते माझ्यात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सरांनी देवरावजींना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"देवराव, मशीनले तुम्ही मधात हात लावता का?"

"नाई सर."

"नीट विचार करून सांगा."

"हात कायले लावू मी? मॅडमले इचारल्याबिगर मी बटनाले शिवत नाई."

वेळांचा घोळ सरांनी त्यांना सांगितलाच नाही. सांगितला की माणूस बहाणा शोधतो, असं त्यांचं म्हणणं. देवरावजी बाहेर आले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मागच्या खोलीत गेले.

मी रजिस्टर आणि मशीनच्या ओळी माझ्या टेबलावर घेतल्या. सोमवारी राजवाड्यांसमोर ठेवायचा कागद तयार करायला, दुसरं काही मनात नव्हतं. सरांनी फक्त बंद होण्याच्या वेळा बघितल्या होत्या. कागद पुरा व्हावा म्हणून मी सुरू होण्याच्या वेळाही लिहायला घेतल्या. आणि पहिल्याच ओळीला थांबले. रजिस्टरमध्ये होतं, "३.४१ लाईन आली." मशीन सुरू झालेलं तीन तेहेतीसला.

लाईन यायच्या आठ मिनिटं आधी मशीन सुरू?

मी तीन वेळा वाचलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक वेळी मशीन लाईनच्या आधी जागं झालेलं. हाताने बटण दाबून मशीन बंद करता येतं. विजेशिवाय सुरू करता येत नाही. मी उठून मागच्या खोलीत गेले.

"देवरावजी, किती वाजले?"

त्यांनी मनगट वर केलं. "साडेअकराले चार कमी."

समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात सव्वाअकरा होते. मी त्या आकड्यांकडे बघितलं, देवरावजी माझ्याकडे बघत होते. "बरं," म्हटलं आणि परत आले. घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. ती अकरा मिनिटं रजिस्टरमधून वजा केली तर बंद होण्याची एकूण एक नोंद मिनिटाला मिनिट जुळत होती, आणि सुरू होण्याच्या नोंदींत मशीन जागं व्हायला लागणारी दोन-तीन मिनिटंच तेवढी उरत होती. रजिस्टरच्या समासात मी पेन्सिलने प्रत्येक ओळीपुढे अकरा, अकरा असं लिहीत गेले. माणूस खरा होता. लाईन खरंच गेली होती.

मग हातातली पेन्सिल थांबली. लाईन खरंच गेली होती, तर त्या क्षणाला जी टेस्ट चालू होती तिचं काय झालं?

दशांशाची ती टेस्ट सुरू झाली होती दहा अठ्ठावन्नला. लाईन गेली अकरा वीसला. बावीस मिनिटं चालली. चूक पस्तिसाव्या मिनिटाला यायची. निकालाची फाइल टेस्ट सुरू होतानाच तयार होते. मी ती फाइल उघडली. आत काही नव्हतं. लाईन आल्यावर माझ्या प्रोग्रामने बघितलं, फाइल आहे, म्हणजे ही झाली, चला पुढे. आणि निकाल लावताना, फाइल रिकामी, म्हणजे तक्रार नाही, म्हणजे पास. प्रत्येक वेळी लाईन गेली की एक टेस्ट अशी अर्ध्यात मेली होती आणि आम्ही तिला पास केली होती. जी टेस्ट जास्त वेळ चालायची ती लाईनच्या तावडीत जास्त सापडायची. म्हणून ही तीन वेळा.

 कानांत नुसता पंख्याचा आवाज. चूक माझी होती. ज्याचं कौतुक झालं, ज्याने गल्ल्याचा विषय बंद केला, त्याच प्रोग्रामची होती. सर दहा पावलांवर बसलेले. उठून सांगायचं एवढंच होतं.

मी उठले नाही. मनाशी म्हटलं, आधी पुरावा हवा. आठ महिन्यांत किती टेस्ट अशा सुटल्या ते आधी मोजू. अर्धवट सांगून गोंधळ कशाला. यातला शब्दन् शब्द योग्य होता, कुठलाही तपासणी करणारा हेच म्हणेल. आणि तरी मी भीतीने बसून राहिले होते हे मला त्याच वेळी कळत होतं. मी मोजायला सुरुवात केली.

दुपारी तीनच्या सुमारास सरांनी देवरावजींना पुन्हा बोलावलं. "सोमवारी पुण्याचे साहेब येऊन जाऊ द्या. तोवर तुम्ही येऊ नका. मंग पाहू काय करायचं ते."

देवरावजींनी डबा पिशवीत घातला. माझ्या टेबलापाशी आले आणि मागच्या खोलीची चावी उघड्या रजिस्टरवर ठेवली.

"चाबी, मॅडम."

"हो," मी म्हटलं. मान वर केली नाही. ते क्षणभर उभे होते. मग जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला आणि मी पुढची ओळ मोजली.

शनिवारी सकाळी ऑफिसात पोचून मी दशांशाची टेस्ट लावली, वीस मिनिटं थांबले आणि हाताने प्लग उपटला. मशीन पुन्हा सुरू केलं. माझा प्रोग्राम तिला ओलांडून पुढे गेला. निकाल: पास. पुन्हा केलं. पास. तिसऱ्यांदाही केलं, कारण मी गॅस बघायला परत जाणारी बाई आहे. जेवणाची सुट्टी टळून गेली. यादी पूर्ण झाली, कागद छापून झाले, टाचण्या लावून झाल्या, आणि करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा चार वाजता मी सरांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"सर, देवरावजींनी काही केलेलं नाही. माझ्या प्रोग्रामची चूक आहे."

त्यांनी सगळे कागद बघितले. रजिस्टरमधले पेन्सिलचे अकरा बघितले. "आठ महिने?" एवढंच विचारलं.

"आठ महिने."

मला वाटलं आता पुण्याला फोन लावतील. त्यांनी आधी सिंदी स्टेशनसमोरच्या पीसीओला लावला. देवरावजींच्या घरी फोन नव्हता. निरोप द्यायचा तर तिथे द्यायचा आणि पीसीओवाला कुणाला तरी घरी पिटाळायचा. पण मिनिटभरातच सर बोलू लागले, "देवराव, माझं चुकलं. सोमवारी या." फोन ठेवून म्हणाले, "नशीब पाह्य. देवराव तिथंच भेटले." मग त्यांनी पुण्याचा नंबर फिरवला.

सोमवारी राजवाडे आले. नोकरी जाणार अशी तयारी करूनच मी आले होते, ड्रॉवरसुद्धा आवरला होता. त्यांनी दोन तास ऐकून घेतलं, प्लग उपटायचा प्रयोग स्वतः करून बघितला. शेवटी म्हणाले, "गप्प म्हणजे पास हा नियम आमचा. तोही बदलावा लागेल." त्या दिवसापासून प्रत्येक टेस्टने शेवटी "संपलं" अशी एक ओळ लिहायची असं ठरलं. ओळ नाही, तर टेस्ट झालीच नाही. काम आमच्याकडे राहिलं. औषधाच्या यंत्राची आवृत्ती थांबवून दुरुस्त झाली. सुटलेल्या सगळ्या टेस्ट आम्ही पुन्हा चालवल्या. त्यांतली आणखी एक नापास निघाली, आणि ती आवृत्ती पाच महिन्यांपूर्वीच कुठल्यातरी गिऱ्हाइकाकडे गेलेली होती. राजवाड्यांनी त्यांना कळवलं म्हणे. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं धैर्य मला झालं नाही.

देवरावजी सोमवारी नेहमीसारखे आले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, घड्याळ बरोबर अकराच मिनिटं पुढे कशासाठी?

"गाडीसाठी, सर. दहा मिनिटं पुढं ठेवलं का डोकं आपसूक दहा वजा करते अन् माणूस बसून राह्यते. पंधराचंही तसंच. अकरा वजा कराले डोक्याले आळस येते. तवरीक माणूस निंगते."

सगळे हसले, मीसुद्धा. त्यांनी त्याच दिवशी मशीनच्या पडद्यात बघून घड्याळ बरोबर लावलं. मंगळवारी त्यांची गाडी चुकली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अकरा वाजता घामाघूम होऊन आले. बुधवारी घड्याळ पुन्हा अकरा मिनिटं पुढे होतं, आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर त्यांनी छापल्यासारख्या अक्षरात तसं लिहून ठेवलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या उशाशी तसलंच एक यंत्र लावलेलं होतं. हिरव्या आकड्यांत दशांश चिन्ह आणि त्यापुढे एक आकडा. मी तीन दिवस त्या आकड्यासमोर बसून राहिले. मनगटावरच्या घड्याळात बघून थेंबांचा हिशेब करत होते. नर्स म्हणाली, "काकू, ते आपोआप चालतं." मी म्हटलं, "हो, माहीत आहे." यंत्र बरोबर चाललं. बाबा घरी आले. मी मात्र महिनाभर झोपेत आकडे बघत होते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा एक गोष्ट आधी उरकायला हवी होती. सर, राजवाडे, सगळ्यांची समजूत अशी की मला शनिवारी कळलं आणि मी शनिवारी सांगितलं. मी ती कधी दुरुस्त केली नाही. छापण्याआधी ती ज्यांची दुरुस्त करायला हवी त्यांच्याकडे मी गेल्या महिन्यात सिंदीला गेले.

देवरावजी आता थकले आहेत. अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोने चहा आणून दिला आणि आत गेली. मी इकडचं तिकडचं काही बोललेच नाही.

"देवरावजी, मले शुक्रवारीच समजलं होतं. तुमी चाबी ठेवून गेले तवा मले सगळं मालूम होतं. मी बोलली नाई."

त्यांनी कप खाली ठेवला. "मले मालूम हाय."

"कसं?"

"तुमी टाइम इचारला, मशीनकडं पाह्यलं अन् बरं म्हणून गेल्या. मंग चाबी ठेवाले आलो त माह्या रजिस्टरात तुमचे पेन्सिलीनं अकरा अकरा लिहिलेले."

"मंग तुमी सरायले सांगतलं काऊन नाई?"

"मी सांगतलं असतं त सर म्हणले असते, आता बहाणा सांगून राह्यला. तुमी सांगतलं का ते खरं होईन. म्हटलं, मॅडम सांगतीन. आज नाई त उद्या."

मला मग तो फोन आठवला. "शनिवारी सरायचा फोन आला तवा तुमी पीसीओवर कसे काय भेटले?"

ते जरा हसले. आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"घरी सांगतलंच नव्हतं ना मी, का कामावर येऊ नको म्हणले म्हणून. सकाळच्या गाडीच्या टायमाले डबा घेऊन निंगालो अन् पीसीओसमोरच्या बाकावर जाऊन बसलो. म्हटलं, मॅडमले समजलं हाय, आता फोन येईनच. दिवसभर तिथंच होतो."

 त्यांनी कप पुन्हा उचलला.

"डबा मंग चार वाजता खाल्ला," ते म्हणाले. "फोन आल्यावर."